धडक कुणाची, दोष कुणाचा?

ओकलंड, ३१ मे २०१८. अमेरिकेतील ‘एनबीए’ या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या अंतिम फेरीतील पहिला सामना. क्लीव्हलंड कॅव्हेलियर्सचा संघ १०४-१०२ असा आघाडीवर होता आणि चौथ्या सत्रातील अवघे ३६.४ सेकंद उरले होते. गोल्डन स्टेट वॉरियर्सचा केविन ड्युरांट चेंडू घेऊन बास्केटकडे झेपावला. दुसऱ्या बाजूने मदतीला धावून आलेला लेब्रॉन जेम्स त्याच्या वाटेत आला आणि दोघांची टक्कर झाली. शिट्टी वाजली. पंचांनी फाऊल दिला तो ड्युरांटविरुद्ध. चेंडू क्लीव्हलंडला मिळणार होता. मात्र त्यानंतर पंच रिप्लेच्या पडद्यापाशी गेले आणि परतले तेव्हा निर्णय नेमका उलटा झाला होता. आता फाऊल जेम्सचा होता आणि ड्युरांटला दोन फ्री थ्रो मिळाले. त्याने दोन्ही साधले. १०४-१०४ अशी बरोबरी झाली, सामना जादा वेळेत गेला आणि वॉरियर्सने तो १२४-११४ असा जिंकला. त्या रात्री जेम्सने एकट्याने ५१ गुण केले होते. पुढे मालिकाही क्लीव्हलंडने ०-४ अशी गमावली.

या निर्णयावर कित्येक दिवस वाद झडला. वादाचे मूळ मात्र जुनेच आहे. चेंडू घेऊन धावणारा आणि त्याची वाट अडवणारा यांची टक्कर झाली, तर दोष कुणाचा? धावणाऱ्याचा असेल तर तो ‘चार्ज’, अडवणाऱ्याचा असेल तर ‘ब्लॉक’. टक्कर एकच, पण तिच्या निवाड्यावर चेंडू एका संघाकडून दुसऱ्याकडे जातो, एकाच्या खात्यावर फाऊल चढतो आणि कधीकधी सामनाही फिरतो. बास्केटबॉलमध्ये पंचाला द्याव्या लागणाऱ्या निर्णयांत हा सर्वात अवघड मानला जातो. निवाड्यासाठी वेळ मिळतो तो डोळ्याचे पाते लवण्याइतका, आणि तेवढ्यात दोन माणसांच्या चार पायांचा हिशेब मांडावा लागतो.

प्रेक्षकांचा हिशेब सोपा असतो. जो पडला तो बिचारा आणि जो उभा राहिला तो दोषी. काहींच्या मते ज्याने जोरात धडक दिली त्याचाच अपराध. आणखी एक समजूत तर खेळाडूंमध्येही पक्की रुजलेली आहे : बचावपटू दगडासारखा निश्चल उभा असेल तरच चार्ज, त्याचा पाय जरा हलला की ब्लॉक. या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत. नियमपुस्तक विचारते ते वेगळेच : ती जागा आधी कुणी, कायदेशीर मार्गाने मिळवली होती?

हा प्रश्न खेळाच्या जन्मापासूनचा नाही, ही गंमत आहे. डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे हा खेळ मांडला, तेव्हा त्यांच्या तेरा नियमांत चेंडू हातात घेऊन धावण्यास मनाई होती. जिथे चेंडू पकडला तिथूनच तो फेकायचा. फुटबॉलच्या अमेरिकन अवतारातील अंगावर तुटून पडण्याचा प्रकार त्यांना टाळायचा होता. माणूस चेंडू घेऊन धावतो म्हणून त्याला आडवे पाडावे लागते. धावणेच बंद केले तर आडवे पाडण्याचे कारण उरत नाही, असा त्यांचा विचार होता. पाचव्या नियमात खांद्याने ढकलणे, धरणे, पाडणे, मारणे या सर्वांवर बंदी होतीच. पुढे चेंडूचे टप्पे देत, म्हणजे ड्रिबल करत पुढे जाण्याची मुभा मिळाली आणि चेंडूसह धावणारा माणूस मैदानावर पुन्हा अवतरला. त्याच्यापाठोपाठ त्याच्या वाटेत उभा राहणाराही आला. वाट कुणाची, हा तंटा तेव्हापासूनचा.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, म्हणजे ‘फिबा’चे नियम या तंट्याची सोडवणूक एका काल्पनिक दंडगोलाने करतात. जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येक खेळाडूभोवती असा एक अदृश्य दंडगोल असतो. समोर तळहातांपर्यंत, मागे पार्श्वभागापर्यंत आणि दोन्ही बाजूंना हातापायांच्या बाहेरच्या कडेपर्यंत. या दंडगोलातील जागा त्या खेळाडूची, आणि त्याच्या डोक्यावरची हवाही त्याचीच. म्हणूनच बचावपटूने सरळ वर उडी मारली, हात सरळ वर ठेवले आणि आक्रमक त्याच्यावर जाऊन आदळला, तर बचावपटूचा दोष नसतो. हात पुढे वाकले, कंबर बाजूला निघाली, गुडघा बाहेर आला, की संरक्षण संपले. हेच बंधन आक्रमकावरही आहे. चेंडू हातात असला तरी त्याला कोपर पसरून किंवा पाय फेकून आपला दंडगोल मोठा करता येत नाही.

दंडगोलानंतरची पायरी म्हणजे वैध बचाव-स्थिती. ती मिळवण्यासाठी अटी दोनच : बचावपटूचे तोंड प्रतिस्पर्ध्याकडे हवे आणि दोन्ही पाय जमिनीवर हवेत. ही स्थिती एकदा, निमिषभर का होईना, मिळाली की मग तो हलू शकतो. बाजूला सरकू शकतो, मागे जाऊ शकतो, जागच्या जागी उडी मारू शकतो. सरकताना एक किंवा दोन्ही पाय क्षणभर हवेत असले तरी चालते. चेंडू असलेल्या खेळाडूच्या अंगावर जाणे तेवढे वर्ज्य. टक्कर होणार असे दिसताच स्वतःला इजा होऊ नये म्हणून तो आपल्या दंडगोलात वळूही शकतो. तेव्हा ‘त्याचे पाय हलत होते’ ही गॅलरीतून येणारी ओरड नियमाच्या कसोटीवर टिकत नाही. पाय हलत होते, पण कोणत्या दिशेने, आणि हलण्याआधी त्याने जागा मिळवली होती का, हे पाहावे लागते.

आणखी एक गोष्ट पंचाच्या मदतीला येते. टक्कर बचावपटूच्या धडावर झाली असेल, तर तो त्या जागी आधी पोहोचला होता असे मानले जाते. खांद्यावर, मांडीवर किंवा पसरलेल्या हातावर झाली असेल, तर तो उशिरा आला असण्याची शक्यता दाट. छातीवर बसलेला धक्का आणि कडेला लागलेला धक्का यांतला हा फरक सराईत पंच टकरीनंतर दोघे कसे पडले यावरूनही ताडतात. अर्थात पडणे हा पुरावा नव्हे, फार तर तो दुवा आहे.

चेंडू हाती असलेल्या खेळाडूला या नियमांत एक कठोर वागणूक मिळते. कुणीतरी आपल्याला अडवणारच, हे त्याने गृहीत धरले पाहिजे. बचावपटू अगदी शेवटच्या क्षणी समोर उभा ठाकला, तरी थांबण्याची किंवा दिशा बदलण्याची जबाबदारी चेंडूवाल्याची. ‘मला थांबायला वेळच मिळाला नाही’ ही सबब त्याला नाही. ज्याच्याकडे चेंडू नाही त्याला मात्र ती आहे. त्याची वाट अडवायची तर त्याच्या वेगाच्या प्रमाणात अंतर सोडावे लागते. एकाच मैदानावर दोन खेळाडूंना दोन न्याय, हे वरकरणी विचित्र वाटेल. पण चेंडू घेतलेल्या माणसाचे लक्ष समोर असते आणि दुसरा कदाचित मागे वळून पास पाहत असतो, हे ध्यानात घेतले की त्यातील शहाणपण कळते.

या सगळ्यातून पंचाच्या नजरेविषयी जो धडा निघतो तो नवशिक्या पंचाच्या अंगवळणी पडायला फार वेळ लागतो. चेंडूकडे पाहायचे नाही. चेंडू, चेंडूवाला, त्याची चपळाई, त्याची झेप हे सगळे डोळ्यांना ओढून घेणारे असते. हजारो प्रेक्षक तिकडेच पाहत असतात. पंचाने मात्र बचावपटूवर नजर रोवायची : तो कुठून आला, तोंड कुठे आहे, पाय टेकले का, कोणत्या दिशेने सरकतो आहे. आक्रमक त्या चौकटीत आपोआप येतोच. जो पंच चेंडूमागे डोळे फिरवतो त्याला बचावपटू दिसतो तो टक्कर झाल्यावर. आणि मग त्याच्या हाती अंदाजाखेरीज काही उरत नाही. अनेक चुकीचे निर्णय नियम ठाऊक नसल्यामुळे होत नाहीत. पंच वेळेवर योग्य माणसाकडे पाहत नव्हता म्हणून ते होतात.

जागेचाही प्रश्न आहे. दोन खेळाडूंच्या मधली फट दिसेल अशा कोनात पंच उभा असेल तरच त्याला संपर्क कुठे झाला ते कळते. आक्रमकाच्या बरोबर पाठीमागे उभ्या असलेल्या पंचाला दिसते ती केवळ एक पाठ. तीन पंचांच्या पद्धतीत एक जण बास्केटखालच्या अंत्यरेषेवर, दुसरा खेळाच्या मागे आणि तिसरा विरुद्ध बाजूला, फ्री थ्रो रेषेच्या आसपास असतो, तो याचसाठी. बास्केटकडे धावणारा खेळाडू एकाच्या क्षेत्रातून दुसऱ्याच्या क्षेत्रात शिरतो आणि मदतीला येणारा बचावपटू बहुधा तिसऱ्याच दिशेने येतो. तो कुणी टिपायचा, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

यापुढची मेख काळाची आहे. बचावपटूने जागा कधीपर्यंत मिळवलेली असली पाहिजे? फिबाचे उत्तर आहे : आक्रमकाचे पाय जमिनीवरून सुटण्यापूर्वी. हवेत उडालेल्या माणसाला दिशा बदलता येत नाही. उडी घेताना जी वाट आणि उतरण्याची जी जागा मोकळी होती, ती त्याचीच. त्यानंतर कुणी तिथे घुसला तर दोष घुसणाऱ्याचा. हवेतल्या खेळाडूच्या पायाखाली शिरणे हा तर याहून गंभीर गुन्हा समजला जातो. उंचावरून तोल जाऊन पाठीवर किंवा मनगटावर पडणे म्हणजे काय, हे खेळलेल्यांना सांगायला नको.

एनबीएची सीमारेषा आणखी अलीकडे आहे. आक्रमकाने फेकीसाठी चेंडू वर नेण्याची हालचाल सुरू करण्यापूर्वी बचावपटू जागेवर असला पाहिजे. २०१८च्या त्या सामन्यात जेम्स नेमका इथे अडकला. ड्युरांटची वर जाण्याची हालचाल सुरू झाली तेव्हा जेम्स अजून वैध स्थितीत आलेला नव्हता, असे पंचांनी पडद्यावर पाहून ठरवले, आणि दुसऱ्या दिवशी लीगनेही अखेरच्या दोन मिनिटांच्या अहवालात तो निर्णय बरोबर ठरवला. वाद झाला तो दुसऱ्या कारणाने. अशा फाऊलचा रिप्ले तेव्हा पाहता येई तो जेम्स बास्केटखालच्या अर्धवर्तुळात होता की बाहेर, ही शंका असेल तरच. आणि तो बाहेर आहे हे बहुतेकांना उघड दिसत होते. एकदा पडद्यापाशी गेल्यावर मात्र पंचांना बाकीचेही तपासण्याची मुभा होती. म्हणजे दार एका कारणासाठी उघडले आणि निर्णय दुसऱ्याच कारणाने फिरला. क्लीव्हलंडच्या चाहत्यांचा राग समजण्याजोगा होता, पण निर्णय नियमाला धरून होता.

अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलने या सीमारेषेशी केलेले प्रयोग तर अभ्यासण्यासारखे आहेत. पुरुषांच्या सामन्यांत २०१३-१४च्या हंगामात त्यांनी एनबीएसारखाच निकष आणला : चेंडू वर नेण्याची हालचाल सुरू होण्याआधी बचावपटू जागेवर हवा. पुढच्याच हंगामात तो मागे घेऊन पुन्हा ‘पाय सुटण्यापूर्वी’ या जुन्या निकषाकडे यावे लागले. हात नेमका कधी वर जाऊ लागला आणि त्याच क्षणी दुसऱ्याचे पाय कुठे होते, या दोन गोष्टी एकाच नजरेत पकडणे सोपे नव्हते. त्यानंतर २०२३-२४पासून तिसराच टप्पा ठरला. आक्रमक उडीसाठी शेवटचा पाय रोवतो, त्या वेळी बचावपटू जागेवर असला पाहिजे. उशिरा येऊन वाटेत आडवे होणाऱ्यांना मिळणारे चार्ज कमी व्हावेत, हा त्यामागचा हेतू. तेव्हा हुबेहूब तीच टक्कर एका नियमपुस्तकात चार्ज, तर दुसऱ्यात ब्लॉक ठरू शकते. टीव्हीवर एनबीए पाहून मुंबई-पुण्याच्या मैदानावर पंचांशी हुज्जत घालणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवायला हरकत नाही, कारण भारतातील स्पर्धा फिबाच्या नियमांनी खेळल्या जातात. ऑक्टोबर २०१९मध्ये वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्स यांचे दोन सराव सामने झाले, तेव्हा मुंबईकरांनी एनबीएचा पंच चार्ज दाखवताना डोक्यामागे हात नेतो हे समोरासमोर पाहिले. फिबाचा पंच मूठ दुसऱ्या तळहातावर आपटतो. फरक असा खुणांपासूनच सुरू होतो.

बास्केटखालचे अर्धवर्तुळ ही या इतिहासातील तुलनेने नवी भर. बचावपटू थेट बास्केटखाली जाऊन उभे राहू लागले. चेंडू अडवण्याऐवजी धडक खाऊन फाऊल मिळवणे त्यांना अधिक फायद्याचे वाटू लागले. खेळ रटाळ होऊ लागला आणि धोकादायकही. यावर एनबीएने १९९७-९८च्या हंगामापासून बास्केटच्या केंद्राखाली चार फूट त्रिज्येचे अर्धवर्तुळ आखले. फिबाने २०१०मध्ये १.२५ मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ स्वीकारले. बास्केटकडे मुसंडी मारून हवेत असलेल्या चेंडूवाल्याची या अर्धवर्तुळात पाय असलेल्या बचावपटूशी टक्कर झाली, तर आक्रमक फाऊल दिला जात नाही. अपवाद एकच : आक्रमकाने हात, कोपर, पाय किंवा अंगाचा गैरवापर केला असेल तर अर्धवर्तुळ त्याला वाचवत नाही. शिवाय बचावपटू सरळ वर उडी मारून चेंडू अडवत असेल, तर त्याचा उभ्या रेषेचा हक्क अर्धवर्तुळातही शाबूत राहतो. एनबीएत हे बंधन फक्त मदतीला आलेल्या दुसऱ्या बचावपटूवर आहे. मूळचा बचावपटू आपल्या माणसाबरोबर सरकत तिथे आला असेल तर त्याला चार्ज मिळू शकतो.

रेषा आली, तसा पंचाच्या डोक्यावर आणखी एक भार आला. आता बचावपटूचे पाय टेकले का, एवढे पाहून भागत नाही. ते रेषेच्या आत टेकले की बाहेर, हेही त्याच क्षणी पाहायचे.

नाटकांचा विषय निघाला नाही तर हे विवेचन अपुरे राहील. जरासा धक्का लागताच हात पसरून मागे कोसळणारे खेळाडू प्रत्येक संघात असतात. पंचाची नजर चेंडूवर असेल तर हा अभिनय हमखास खपतो. एनबीएने २०१२-१३पासून अशा खेळाडूंना सामन्यानंतर दंड ठोठावायला सुरुवात केली. दंडाची रक्कम त्यांच्या कमाईपुढे किरकोळ होती. २०२३-२४पासून सामन्यातच शिक्षा होऊ लागली : प्रतिस्पर्ध्याला एक फ्री थ्रो. फिबाच्या नियमांतही फाऊल झाल्याचे सोंग आणणाऱ्याला तांत्रिक फाऊल देता येतो. तरीही पंचाच्या दृष्टीने सर्वात नाजूक प्रसंग तो, जिथे बचावपटूने जागा खरोखरच आधी मिळवलेली असते, धक्काही लागलेला असतो आणि वर तो नाटकही करतो. नाटकाचा राग येऊन खरा चार्ज नाकारणे हाही अन्यायच.

आक्रमक संघाचे संपर्काचे फाऊल चार्जपुरते मर्यादित नाहीत. मोकळ्या हाताने बचावपटूला हळूच लोटून फेकीसाठी जागा करणे आणि सहकाऱ्यासाठी स्क्रीन लावताना शेवटच्या क्षणी सरकणे, हे दोन प्रकार नेहमीचे. स्क्रीन लावणाऱ्याने थांबलेले असावे, दोन्ही पाय जमिनीवर असावेत, आणि उभ्या प्रतिस्पर्ध्याच्या नजरेआड स्क्रीन लावला तर त्याला एक पाऊल टाकण्याइतकी जागा सोडावी. बाकी मोजपट्टी तीच, दंडगोलाची.

प्रत्येक स्पर्शावर शिट्टी वाजवायची का? मुळीच नाही. दहा धिप्पाड खेळाडू एवढ्याशा जागेत वावरणार म्हटल्यावर अंगाला अंग लागणारच. त्या स्पर्शाने कुणाचा गैरफायदा झाला का, कुणाची हालचाल रोखली गेली का, हे पाहून पंचाने ठरवायचे असते. बचावपटू जागेवर होता, आक्रमक त्याला ओझरता घासून गेला आणि कुणाचेच काही बिघडले नाही, तर खेळ चालू राहावा हे उत्तम. मात्र बचावपटू जमिनीवर आदळला आणि शिट्टी वाजलीच नाही, तर खेळाडूंचा पंचावरील विश्वास उडतो. पुढच्या वेळी ते स्वतःच हिशेब चुकता करू पाहतात. हाणामाऱ्यांची सुरुवात पुष्कळदा न दिलेल्या निर्णयातून झालेली असते.

शिक्षेच्या बाबतीतही एक बारकावा आहे. चेंडू ताब्यात असलेल्या संघाने फाऊल केला तर प्रतिस्पर्ध्याला फ्री थ्रो मिळत नाहीत, फक्त चेंडू मिळतो. मग त्या सत्रातील सांघिक फाऊलची संख्या चारच्या पुढे गेलेली असली तरीही. पण चेंडू फेकून झाल्यावर, खाली येताना, तोच खेळाडू बचावपटूवर आदळला तर? फिबाच्या नियमानुसार चेंडू हातातून सुटताच संघाचा ताबा संपतो. चेंडू बास्केटमध्ये गेला तर ते गुण धरले जातात, फाऊल वेगळा लागतो, आणि सांघिक फाऊलची मर्यादा ओलांडली असेल तर बचावपटूला दोन फ्री थ्रोही मिळतात. म्हणजे पंचाला टकरीबरोबर आणखी एक गोष्ट टिपायची असते : त्या क्षणी चेंडू हातात होता की हवेत.

आणि दोन पंचांनी एकाच टकरीवर शिट्टी वाजवली तर? तसे वारंवार घडते, कारण अशी टक्कर दोघांच्या क्षेत्रांच्या सीमेवर होते. एकाने मूठ तळहातावर आपटली आणि त्याच क्षणी दुसऱ्याने ब्लॉकसाठी दोन्ही हात कमरेवर ठेवले, की प्रेक्षागृहात हशा पिकतो आणि दोन्ही प्रशिक्षक एकदमच धावत येतात. अमेरिकेतील शालेय नियमांत अशा वेळी दोन्ही खुणा कायम धरून दोघांनाही फाऊल देण्याची तरतूद आहे. म्हणजे प्रत्यक्षात एकाचीच चूक असताना शिक्षा दोघांना. ही नामुष्की टाळण्यासाठी अनुभवी पंच सामन्यापूर्वीच आपसांत ठरवून ठेवतात. शिट्टी दोघांची वाजली तर आधी फक्त मूठ वर करायची, एकमेकांकडे पाहायचे, आणि बचावपटू ज्याच्या क्षेत्रातून आला त्यानेच पुढची खूण करायची.